भीड होती तेव्हा

आमच्या पिढीने पुढारी पाहिला तो धुळीतून येणारा. वेशीपाशी जीप थांबायची, पोरं मागे धावायची, पुढारी आधी मारुतीपुढे चपला काढायचा आणि मग पारावर अंथरलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसायचा. तांब्यातलं पाणी वरून प्यायचा, चहा बशीत ओतून घ्यायचा आणि एकेकाचं नाव घेऊन चौकशी करायचा. कापूस किती निघाला, विहिरीला पाणी आहे का, थोरलीचं कुठे जमलं का. बदनापूर असो की भोकरदन, अंबड असो की परतूर, सत्तर-ऐंशीच्या दशकातली निवडणूक गावात अशी यायची. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता. १ मे १९८१ला तो झाला. तोवर आमच्यापैकी बहुतेकांची कचेरीची कामं औरंगाबादेला आणि परतूरकरांची परभणीला. पुढारी गावात येणं म्हणजे सरकार गावात येणं होतं आणि गावात आलेलं सरकार आपल्यासोबत घोंगडीवर बसतं, एवढं आम्हाला लहानपणीच ठाऊक झालं होतं.

आज पुढारी येतो तेव्हा आधी गाड्यांचा ताफा येतो. काळ्या काचा, पुढे-मागे पोलीस, जेसीबीतून उधळलेली फुलं. मंचावर सोफे, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला मोठा पडदा. बायकांसाठी पुढच्या रांगा राखून ठेवलेल्या असतात. गावोगावहून बसने आणलेल्या, एकाच रंगाचे फेटे बांधलेल्या बायका तिथे तासन्‌तास बसतात. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्यांच्यावरून फिरतो. पण प्रश्न विचारायला माइक त्यांच्या हाती कुणी देत नाही. सभा संपली की फेटे परत घेतले जातात आणि बस निघते.

तरी बायका सभेत आल्या, हे मोठंच झालं. आमच्या वेळी त्या कुठे होत्या? माळवदावर. आमची जुनी घरं धाब्याची, वर मातीचं सपाट माळवद. भाकऱ्या उरकल्या की आज्या, आया, काकवा, आत्या वर चढायच्या. डोक्यावर पदर, मांडीवर पेंगुळलेलं पोर, आणि खाली गॅसबत्तीच्या उजेडात चाललेली सभा. वरून त्यांना वक्त्याची टोपी दिसायची, चेहरा दिसायचा नाही. तो आवाजावरूनच पारखायचा. कोण खरं बोलतो, कोण मारून नेतो, कुणाच्या बोलण्यात मागच्या वेळचंच पाणी आहे, याचा निकाल दुसऱ्या दिवशी चुलीपाशी लागायचा आणि तो पारावरच्या निकालापेक्षा नेमका असायचा. पण तो उंबरठ्याच्या बाहेर जायचा नाही. गावातलं निम्मं शहाणपण असं रोज राखेबरोबर उकिरड्यावर जात होतं आणि आम्हाला त्याची खंतही नव्हती.

सभेआधी औक्षण व्हायचं. पाच सवाष्णींना खाली बोलवायचे. तबकात निरांजन, सुपारी, हळदकुंकू. पुढारी टोपी सारखी करून मान लववायचा, बाया ओवाळायच्या, तो तबकात नोट ठेवायचा आणि त्या पाठ न दाखवता मागे सरायच्या. ते दृश्य आम्हाला अजून हवंहवंसं वाटतं. सत्तेने गावातल्या बाईपुढे मान खाली घातली, असं त्यात काहीतरी दिसायचं. पण त्या पाचजणींत विधवा कधीच नसायची, टाकलेली बाई नसायची आणि वाड्या-वस्तीवरची, गावकुसाबाहेरची बाई तर नसायचीच. मान लवायची ती कुंकवापुढे आणि घराण्यापुढे. ते कुंकू पुसलं गेलं की तीच बाई त्याच पुढाऱ्याच्या वाटेत अपशकुन ठरायची. म्हणून त्या तबकाची आठवण काढताना त्यातून कुणाला वगळलं होतं, हेही सांगायला हवं.

आता ती बाई खुर्चीवर बसली आहे. १९९०मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या. ७३वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३मध्ये लागू झाली आणि देशभर हा वाटा एक तृतीयांश झाला. २०११मध्ये महाराष्ट्राने तो निम्म्यावर नेला. ज्या चावडीत पाय टाकायला बाई बिचकायची, तिथे तिच्या नावाची पाटी लागली. विधवा, परित्यक्ता, अनुसूचित जातीची, भटक्या जमातीची, कुणीही सरपंच होऊ शकते असं कायद्यानेच सांगितलं. आमच्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तोंडाला पदर लावला असता.

पण त्या खुर्चीच्या शेजारी अजून एक खुर्ची असते. मासिक सभा चालू असते. ग्रामसेवक ठराव वाचत असतो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. टेबलाला टेकून, दुचाकीची किल्ली बोटात फिरवत सरपंचबाईंचे यजमान बसलेले असतात आणि ‘हो, लिहा पुढे’ असं तेच म्हणतात. प्रोसिडिंगची वही शेवटी बाईंपुढे सरकते. त्या पदर सावरतात, पेन घट्ट धरतात आणि एकेक अक्षर काढत सही करतात. असं महिनोन्‌महिने चालतं. मग कधीतरी एखाद्या महिन्यात पेन वहीवर टेकलेलं असतानाच त्या थांबतात आणि विचारतात, ‘‘हे हातपंपाचं बिल मागं एकदा झालं होतं ना?’’ किल्ली फिरायची थांबते. ग्रामसेवक मागची पानं चाळायला लागतो. हा एवढा प्रश्न यायला काही बायकांना पाच वर्षं लागतात, काहींना पाच महिने. राखीव जागेचं मोल आम्ही त्या प्रश्नात मोजतो.

‘सरपंच पती’ म्हणून आपण त्या यजमानांना हसतो. हसावंच. पण आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला. नवऱ्याच्या जोरावर खुर्चीत बसलेली बाई सगळ्यांच्या डोळ्यांवर येते, बापाच्या जोरावर बसलेला मुलगा कुणाच्याच येत नाही. जालन्याचंच पाहा. रावसाहेब दानवे १९९९पासून सलग पाच वेळा खासदार झाले. त्यांचे चिरंजीव संतोष दानवे २०१४पासून भोकरदनचे आमदार आहेत. अंकुशराव टोपे १९९१मध्ये खासदार झाले. त्यांचे चिरंजीव राजेश टोपे पंचवीस वर्षं आमदार होते आणि त्यातली काही वर्षं आरोग्यमंत्री. यांनी कामं केली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. करोनाच्या काळात राजेश टोपे यांची धावपळ सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मुद्दा वेगळाच आहे. घराण्यातून आलेल्या मुलाला ‘वारसा’ मिळतो आणि घराण्यातून आलेल्या बाईला ‘बाहुली’ म्हटलं जातं. मुलगा कुणाच्या सांगण्यावरून सही करतो, हे विचारण्याची आपल्याला सवयच नाही.

पूर्वीचे आमदार एसटीने हिंडायचे, असं आमची पिढी अभिमानाने सांगते. त्यात तथ्य आहे. लाल गाडीत आमदारांसाठी राखीव जागेची पाटी असायची, आणि कधीमधी खरंच कुणी धोतरवाला आमदार त्या जागेवर बसलेला दिसायचा. कंडक्टर त्याला तिकीट विचारायचा नाही, पण शेजारचा शेतकरी त्याला रस्त्याचं विचारायचा आणि जालना ते अंबड उत्तर देण्यावाचून त्याची सुटका नसायची. खिडकीतून उडी मारून तर तो जाऊ शकत नव्हता. हा प्रवास आम्हाला फार आठवतो. मात्र त्याच गाडीत बाई एकटी चढली तर चार डोकी वळायची. माहेराहून सासरी जायलासुद्धा सोबत भाऊ लागायचा, आणि तिकिटाचे पैसे भावाच्या खिशात असायचे.

आज त्या पाटीखाली आमदार बसत नाही. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि बाजाराच्या दिवशी गाडीत पाहिलं तर निम्म्याहून जास्त बायकाच. कुणी दवाखान्याला निघालेली, कुणी लेकीला कॉलेजात सोडायला, कुणी बँकेत, आणि कुणी नुसतीच राजूरच्या गणपतीला. सोबत भाऊ नाही, परवानगीची चिठ्ठी नाही. आमदाराला घेराव घालून रस्त्याचं विचारणारा शेजार गेला, याचं दुःख आहेच. पण त्या जागेवर कोण बसलं आहे हे पाहिलं की दुःख करताना जीभ अडखळते.

आता बोलण्याबद्दल. आमच्या आठवणीतल्या सभेत बाईबद्दल वावगा शब्द निघत नसे. पुढारी सगळे सभ्य होते असं नाही. खासगीत त्यांच्याही जिभेला हाड नसायचं, हे मोठे झाल्यावर आम्हाला कळलं. पण सभेत भीड असायची. बोलता बोलता एखादा घसरलाच, तर पारावरून कुणीतरी म्हातारा घसा खाकरायचा आणि म्हणायचा, ‘‘सायेब, वर बायका बसल्यात.’’ बस्स. वक्ता माळवदाकडे पाहायचा, हात जोडायचा आणि गाडी रुळावर यायची. त्या म्हाताऱ्याला पोलिसांची भीती नव्हती की पक्षाची. ते वाक्य बोलायला कुणी त्याला नेमलंही नव्हतं. गावातल्या कुणाही जाणत्याचं ते कामच होतं.

फेब्रुवारी २०२०मध्ये परतूर भागातल्याच एका कार्यक्रमात आमदार आणि माजी पाणीपुरवठा मंत्री बबनराव लोणीकर बोलत होते. शेतकऱ्यांच्या मोर्चाला गर्दी कशी जमवायची, याची चर्चा होती. मोठे नेते आणू, हिरोईन आणू, आणि कुणी मिळालंच नाही तर आपल्या तहसीलदार मॅडम आहेतच, अशा अर्थाचं ते बोलून गेले. ज्या बाईच्या सहीने तालुक्यातला पंचनामा होतो, अनुदानाची यादी पुढे सरकते, दुष्काळात टँकर निघतो, तिची ओळख एका वाक्यात गर्दी खेचण्याची वस्तू एवढीच उरली. पुढे खुलासे झाले. पण समोरच्या गर्दीतून घसा खाकरणारा म्हातारा त्या दिवशी कुठे होता, हा आमचा प्रश्न आहे.

हे एका आमदाराचं किंवा एका पक्षाचं दुखणं नाही. डिसेंबर २०२१मध्ये तेव्हाचे मंत्री गुलाबराव पाटील यांनी मतदारसंघातल्या रस्त्यांची तुलना हेमामालिनींच्या गालांशी केली आणि नंतर माफी मागितली. मे २०२२मध्ये चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना राजकारण कळत नसेल तर घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेव्हाचे कृषिमंत्री अब्दुल सत्तार यांनी सुळे यांच्याबद्दलच अपशब्द वापरला. सत्तारांचा सिल्लोड मतदारसंघ जालना लोकसभेतच मोडतो. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत खासदार अरविंद सावंत शायना एन. सी. यांच्याबद्दल असंच बोलले आणि त्यांनाही माफी मागावी लागली. आधी बोलायचं, मग सारवायचं. यातले सगळेजण ३१ मेला अहिल्याबाईंना आणि १२ जानेवारीला जिजाऊंना हार घालतात. जिजाऊंचं सिंदखेडराजा जालन्याहून फार लांब नाही, आणि अंबडकर मत्स्योदरीच्या डोंगराकडे बोट दाखवून अहिल्याबाईंचं नाव अजून आदराने घेतात. राज्य चालवलेल्या बायका आम्हाला तसबिरीत चालतात; त्या तहसील कचेरीत आल्या की आमची जीभ सैल सुटते.

मग जुनी भीडच बरी होती का? थोडं थांबू या. १९७२च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. विहिरी आटल्या, चारा संपला, गुरं बाजारात मातीमोल गेली आणि अख्खी गावं खडी फोडायला बसली. सुकडीच्या रांगेत उभं राहिलेलं आम्हाला आठवतं. तिथे बायका उन्हात दगडाला दगड लावून बसायच्या. लेकरू जवळच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. मुकादम हजेरी घेताना त्यांना काय काय बोलायचा, ते इथे लिहिता येणार नाही. तिथे कुणी म्हटलं नाही की बायका बसल्यात. ज्या म्हाताऱ्याने पारावर घसा खाकरला, तोही त्याच खडीवर दोन हात अंतरावर बसलेला होता आणि तो खाली मान घालून दगड फोडत राहिला. भीड माळवदावरच्या बाईला मिळायची, खडीवरच्या बाईला नाही. ज्यांच्या घराला माळवद होतं, त्यांच्याच घरच्या बायका ‘बायका’ होत्या. आम्ही जिला गावाची सभ्यता म्हणतो, ती पुष्कळदा जातीची आणि जमिनीची मिरास होती.

खडीवरच्या बाईला पहिल्यांदा आधार दिला तो कायद्याने. रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. वि. स. पागे यांनी ज्या योजनेसाठी आयुष्य वेचलं, तिने मस्टरवर बाईचं नाव लावलं आणि कामाच्या मापाने मजुरी दिली. मुकादमाची जीभ लगेच सुधारली नाही. पण काम मागणं हा हक्क झाला आणि हक्क मागणाऱ्या बाईला हाकलून देता येईना. पुढे १९८६मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखोंनी बायका जमल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिल्यावर काही गावांत शेतकऱ्यांनी खरोखर बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा केला. १९९४मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा वाटा देणारा बदलही आला. यातलं काहीही भिडेने झालं नाही. कुणीतरी भीड सोडली, म्हणून झालं.

देण्याघेण्याचंही असंच बदललं आहे. पूर्वीचा पुढारी तबकात दोन रुपयांची नोट टाकायचा, आणि त्याने ती टाकली हे दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षातही नसायचं. जुलै २०२४पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. हे तबकातल्या नोटेपेक्षा कितीतरी चांगलं. बाई स्वतः बँकेत जाते, पासबुक भरून घेते, आकडा वाचते, घरात कुणाला किती सांगायचं ते ठरवते. त्या पैशातून औषध आलं, शाळेची फी गेली, एखाद्या मोलकरणीने पहिल्यांदा स्वतःसाठी चप्पल घेतली. या पैशाला नावं ठेवणाऱ्यांशी आमचं जमणार नाही.

पण जून २०२५मध्ये याच लोणीकरांनी परतूरकडच्या एका कार्यक्रमात टीका करणाऱ्या तरुणांना उद्देशून हिशेब मांडला. तुझ्या बापाला पेरणीला सहा हजार मिळाले ते कुणामुळे, तुझ्या आईला-बायकोला लाडक्या बहिणीचे पैसे कुणामुळे, अंगावरचे कपडे आणि हातातला मोबाइल कुणामुळे, असा त्या बोलण्याचा रोख होता. राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेत त्यावरून आक्रमक झालेल्या नाना पटोले यांना १ जुलैला दिवसभरासाठी निलंबित व्हावं लागलं. आम्हाला लागलं ते वेगळंच. त्या हिशेबात आई होती, बायको होती, पण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या नावावर आलेला सरकारी पैसा मुलाच्या तोंडावर उपकार म्हणून मारला जात होता. पैसा जनतेचा, नाव बाईचं, मालकी पुढाऱ्याची. बहीण म्हणून ओवाळून घ्यायचं आणि भावाने ओवाळणी चारचौघांत मोजून दाखवायची, हे आमच्या घरात कुणी केलं असतं तर आईने त्याला जेवणाच्या पानावरून उठवलं असतं.

आमच्या जिल्ह्याने बाईचं नेतृत्व पाहिलंच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामाच्या राजवटीत रझाकारांविरुद्ध हत्यार घेऊन उतरल्या. पुरुषी वेशात, घोड्यावर, निरोप पोचवत, शस्त्रं लपवत त्या मुक्तिसंग्रामात वावरल्या. मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून त्यांना लोक ओळखायचे. २०१३मध्ये त्या गेल्या. जालना शहरात हुतात्मा जनार्दन मामांच्या नावाचा मामा चौक आहे आणि तो असायलाच हवा. पण दगडाबाईंना आम्ही काय दिलं? १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनी शाल, श्रीफळ, फोटो. ज्या बाईने बंदुकीच्या जोरावर राज्य उलथवायला हात लावला, तिला स्वराज्यात तिकीट द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या काळाला चांगलं म्हणताना आम्हाला हे आठवतं आणि आम्ही गप्प होतो.

आणि आज? १ सप्टेंबर २०२३ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, तेव्हा मार खाणाऱ्यांत बायका होत्या आणि बंदोबस्तातल्या जखमींत महिला पोलीसही होत्या. उपोषणाच्या मंडपात दिवसरात्र बसलेल्या बायकांचे चेहरे साऱ्या राज्याने पाहिले. गावातलं दारूचं दुकान बंद करायला ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानाला रांगा लावतात त्या बायकाच. आंदोलनाला बाई चालते, उपोषणाला चालते, मोर्चाच्या पहिल्या रांगेत तर हवीच असते. वाटाघाटीच्या टेबलापाशी मात्र पुरुषच बसतात. जालना लोकसभा मतदारसंघातून आजवर एकही बाई निवडून गेलेली नाही. २०२४ला जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागांवर पुरुष निवडून आले. राज्याच्या २८८ आमदारांत २०१९ला २४ बायका होत्या, २०२४ला २१ झाल्या. सप्टेंबर २०२३मध्ये संसदेने लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा राखण्याचा कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतरची. बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२मध्ये संपल्या, पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार हाकत राहिले आणि निम्म्या जागांचा हक्क कागदावर राहिला.

आमच्या लहानपणी मतदानाच्या दिवशी बायका नवं लुगडं नेसून बैलगाडीतून केंद्रावर जायच्या. कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा, ते घरून पढवलेलं असायचं. पण पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलं की तिथे सासरा नसायचा, नवरा नसायचा. शाईचा शिक्का हातात घेऊन काही बायका जरा जास्तच वेळ उभ्या राहायच्या आणि बाहेर ताटकळलेला नवरा चुळबुळायचा. तेवढा वेळ ती कुणाची सून नव्हती की कुणाची आई नव्हती. आज शिक्का गेला, यंत्र आलं, आणि मतदान सेकंदात उरकतं. बायका मतदानात पुरुषांच्या बरोबरीला आल्या आहेत, आणि म्हणून तर सगळ्या पक्षांना बहिणी आठवू लागल्या आहेत. पण आडोशातला तो थोडासा वेळ बाहेर आणून सभेत, कचेरीत, पक्षाच्या बैठकीत पसरायला हवा होता. ते काम आम्ही केलं नाही. त्याऐवजी आम्ही जुन्या सभ्यतेच्या आठवणी काढत बसलो.

आम्हाला जुनी भीड परत नको आहे. ती बाईला वर बसवून गप्प करायची, आणि जिला वर बसवता येत नाही तिला उघड्यावर सोडायची. पण त्या भिडेबरोबर एक चांगली सवयही गेली, आणि तिच्यासाठी जीव तुटतो: भर सभेत पुढाऱ्याला टोकण्याची. ती सवय कुठल्या कायद्याने येणार नाही. तिच्यासाठी गर्दीत बसलेल्या माणसाला हसू आवरावं लागतं, उठून उभं राहावं लागतं, आणि फक्त माळवदावरच्या बाईसाठी नाही तर खडीवरच्या, ऊसतोडीच्या, कचेरीतल्या, मंचावरच्या बाईसाठीही उभं राहावं लागतं. कायद्याने वर्षातून चार ग्रामसभा ठरवून दिल्या आहेत, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायला सांगितलं आहे. ती कागदोपत्री उरकू नये. तिचे ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत आणि आमदार गावात आले की आधी तेच त्यांच्यापुढे ठेवावेत. सरपंचबाई बोलत असताना यजमानांनी बाहेर थांबावं. आणि पुढच्या निवडणुकीत जालन्याच्या जागांसाठी पक्षांनी कुणाची लेक, कुणाची सून हे न पाहता काम केलेली बाई उभी करावी. ती निवडून आली आणि चुकीचं बोलली, तर भर सभेत तिलाही तितक्याच स्पष्टपणे टोकावं. कारण बहीण म्हणून तिचे लाड करणं सोपं आहे. तिच्याकडून उत्तर मागणं म्हणजेच तिला आपल्या बरोबरीचं मानणं.